प्रथिनं मायटोकाँड्रियात शिरतात कशी?

प्रश्न : सर, मी खानापूरची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा डीएनए आहे, मग बाहेरून प्रथिनं कशाला लागतात? आणि ती आत जातात कशी?

उत्तर : बाळ, नेमकं विचारलंस. माणसाच्या मायटोकाँड्रियाचा डीएनए जेमतेम १३ प्रथिनांची माहिती बाळगतो. लागतात हजाराच्या आसपास. बाकीची केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रवात तयार होतात. मायटोकाँड्रियाच्या गाभ्यात, म्हणजे अंतःपटलाच्या आतल्या जागेत, जाणाऱ्या बहुतेकांच्या टोकाला धनभारित अमिनो आम्लं असलेला छोटा तुकडा असतो. बाह्यपटलावरचं टॉम२० हे प्रथिन तो ओळखतं. त्याच पटलातलं टॉम४० हे दार, त्याची वाट अरुंद, म्हणून घडी न बसलेलं प्रथिन सुईत दोरा ओवावा तसं सरळ आत जातं. पुढे अंतःपटलातलं दार, टिम२३. इथं जरा थांब, मला सगळ्यात आवडणारी जागा हीच. अंतःपटलाची आतली बाजू ऋणभारित असते, ती हे धन टोक ओढून घेते. प्रथिनाचा उरलेला भाग गाभ्यातलं एचएसपी७० हे मदतनीस प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून आत घेतं. मग एक एन्झाइम टोकाचा तुकडा कापतं आणि प्रथिनाची घडी बसते.

सगळी प्रथिनं याच वाटेनं जात नाहीत, पण आधी हीच पक्की कर. कोऱ्या कागदावर दोन पटलं काढ, भारांची चिन्हं टाक. बेळगावला येशील तेव्हा आकृती घेऊन ये, बसून तपासू.