कुठला देश जमवायचा? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (गिरगावहून): सर, नमस्कार. बाबा गेल्यावर माळ्यावर त्यांची पोस्टाच्या तिकिटांची दोन स्टॉकबुकं सापडली. पन्नासेक देशांची तिकिटं असतील, सगळी मिसळलेली. मला हे पुढे चालू ठेवायचंय, पण सगळं जग जमवणं झेपायचं नाही. बाकीचे लोक कुठले देश जमवतात आणि का?

उत्तर: वाचून खरंच बरं वाटलं, कारण बहुतेक घरांत अशी पुस्तकं रद्दीत जातात.

बहुतेक लोक आधी आपला देश जमवतात आणि बरेचजण त्याच्या जोडीला ब्रिटन. ब्रिटन का, तर सुरुवातच तिथे झाली, 6 मे 1840 ला पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं तिकीट वापरात आलं. साधारण 6 कोटी 80 लाख छापली होती त्यामुळे ते लोकांना वाटतं तितकं दुर्मिळ नाही, कडा जरा कापल्या गेलेलं चालणार असेल तर पगारदार माणसाच्याही आवाक्यात येतं. जर्मनी जमवणारेही भरपूर आहेत, त्यातला पूर्व जर्मनी तर मुद्दाम धरतात, कारण 1949 ते 1990 एवढाच तो देश होता, म्हणजे अल्बम कधीतरी पुरा होतो. चालू देश धरलात की दर महिन्याला नवीन तिकिटं येतच राहतात आणि आपण मागे धावत राहतो.

भारताचं म्हणाल तर 1852 चं सिंध डाक हे सिंध प्रांतात निघालेलं दुर्मिळ तिकीट आपल्यासारख्यांनी प्रदर्शनातच बघायचं (ते काढणारे बार्टल फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले). मी सगळ्यांना सांगतो की 21 नोव्हेंबर 1947 पासून सुरू करा, साडेतीन आण्याचं झेंड्याचं तिकीट, त्यावर जय हिंद आहे. मग 15 ऑगस्ट 1948 ची गांधीजींची चार येतात, ती स्वित्झर्लंडमध्ये छापून आणली होती. त्यातलं दहा रुपयांचं मात्र घाईत घेऊ नका, खोटी फार फिरतात, जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

आणि मराठी माणसांनी संस्थानांकडे बघावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या पुण्याजवळच्या भोर संस्थानाने 1879 मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती हे कितीजणांना माहीत असतं? इंदूरच्या होळकरांची वेगळी होती, ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे तर इंग्रज सरकारच्याच तिकिटावर संस्थानाचं नाव छापून वापरायचे, राणीचा चेहरा आणि वर देवनागरी अक्षरं! हे सगळं आपल्या शाळेच्या इतिहासात नुसतं नावाने येतं, तिकीट हातात घेतलं की ते राज्य खरोखर चालत होतं, तिथे पत्रं जात-येत होती हे कळतं.

माझा स्वतःचा देश पोर्तुगीज इंडिया, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवा, दमण, दीव. आजोळ सावंतवाडीकडचं, आईची एक मावशी पेडण्याला दिलेली, तिची जुनी पत्रं आजीच्या ट्रंकेत होती. पाकिटावर रुपया-आणे नाहीत, टांगा आणि रुपिया असं तिथलं पोर्तुगीज चलन लिहिलेलं. चार तासांवरचं गाव, घरातली माणसं, आणि तिकीट मात्र परदेशाचं, हे मला दहाव्या वर्षी काही केल्या कळेना, आईला विचारून विचारून हैराण केलं तेव्हा गोव्याचा सगळा इतिहास समजला. 1871 ला सुरू झालेली ही तिकिटं 1961 ला संपली, मी चाळीस वर्षं जमवतोय, अजून पहिल्या काही वर्षांतली बरीच बाकी आहेत.

तेव्हा तुम्हीही आधी बाबांची पुस्तकं नीट बघा, त्यांनी कुठल्या देशाची पानं जास्त भरलीत ते बघा, तिथूनच पुढे जा. आणि एक, भारतीय तिकिटावर एडन (आताच्या येमेनमधलं बंदर), मस्कत, बहारीन असा शिक्का दिसला तर ते बाजूला ठेवा. तिकडे एकेकाळी आपलीच तिकिटं चालायची, एडनला तर 1937 पर्यंत, आणि त्याचा कारभारही बराच काळ मुंबईहून चालायचा. असं तिकीट पाकिटावर असेल तर अजिबात भिजवून काढू नका, पाकिटासकटच ठेवा.

प्रश्न (डोंबिवलीहून, इयत्ता सातवी): काका, माझ्याकडे मग्यार पोश्ता आणि हेल्वेशिया लिहिलेली तिकिटं आहेत. हे देश नकाशात सापडत नाहीत.

उत्तर: बाळा, मग्यार पोश्ता म्हणजे हंगेरीचं पोस्ट आणि हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा चालतात, म्हणून तिकिटावर लॅटिन नाव घालतात, भांडण नको! आता सुओमी आणि नॉर्गे तू स्वतः शोध. हंगेरीच्या तिकिटाची मागची बाजू बघ, शिक्का एका कोपऱ्यात अगदी सुबक असेल आणि मागे डिंक तसाच असेल तर ते कधी पत्रावर लागलंच नव्हतं, जमवणाऱ्यांना विकायला छापखान्यातच शिक्का मारलेलं आहे. तरी टाकू नकोस, चित्रं सुंदर असतात आणि सुरुवातीला तीच स्वस्तात मिळतात.

प्रश्न (वसईहून): मामांनी अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैनची चकचकीत तिकिटं ठेवलीत, 1970 च्या आसपासची. विकली तर किती येतील?

उत्तर: फार नाही. 1971 मध्ये संयुक्त अरब अमिरात व्हायच्या आधी या छोट्या अमिरातींच्या नावाने एजंट लोकांनी ढिगाने तिकिटं काढली, पत्रांसाठी त्यातली फारच थोडी लागली. तुमच्या मुलांना द्या. भूतानचंही कोणी असंच म्हणेल, पण ते मला पटत नाही. त्यांनी 1970 च्या दशकात रेकॉर्डची तिकिटं काढली, प्लेअरवर लावली की राष्ट्रगीत आणि लोकगीतं वाजतात, ती आज लोक शोधत फिरतात.

प्रश्न (माहीमहून): पावसाळ्यात तिकिटांवर तपकिरी ठिपके येतात, काय करू?

उत्तर: ती बुरशी आहे. ठिपकेवाली लगेच वेगळी करा, बाकीच्यांना लागते. अल्बम आडवे रचू नका, पुस्तकासारखे उभे आणि सैल ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि ऊन पडेल त्या दिवशी सावलीत, पंख्याखाली पानं उघडी ठेवा. बोटं लावायची नाहीत, चिमटाच वापरायचा.