हिरव्या ठिपक्यावर थांबू नका

पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहाराची खूण आहे, आपल्या व्हीगन (प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणाऱ्या) लोकांसाठीची नाही. दूध, लोणी, मध त्यात चालतं. म्हणून पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचाच. 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसिन' असं दुधातलं काही दिसलं की परत ठेवून द्या. घाईत असाल तर निदान ॲलर्जीची ओळ बघा. 'कंटेन्स'पुढे 'मिल्क' म्हणजे दूध घातलेलंच आहे. 'मे कंटेन' म्हणजे चुकून अंश आलेला असू शकतो; तेवढंच असेल तर मी घेते. मध मात्र त्या ओळीत सापडणार नाही, तो घटकांतच शोधा.

मला बेकरीतला लादीपाव जास्त आवडतो, पण विचारून घ्यायचा: "पिठात दूध घालता का? वरून काय लावता?" माझ्या नेहमीच्या बेकरीत पिठात काही नव्हतं, वरची चकाकी लोण्याची निघाली. सांगून ठेवल्यापासून ते माझी एक लादी कोरडीच बाजूला काढतात.