'पुराणमतवादी' टाफ्ट?

प्रश्न असा आहे: 'एका लेखात अमेरिकेच्या रॉबर्ट टाफ्ट यांना "पुराणमतवादी सिनेटर" म्हटलंय. वाचताना खटकलं. कॉन्झर्व्हेटिव्हला मराठीत हाच शब्द ना?'

कोशात हाच सापडेल, तरी खटकलं ते बरोबरच. हा शब्द आपल्याकडे सुधारक-सनातनी वादात वापरून वापरून मुरला. पुराणमतवादी म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो संमतिवयाच्या कायद्यावर संतापणारा, विधवाविवाहाच्या नावाने बोटं मोडणारा गृहस्थ. टाफ्ट यांचं भांडण सोवळ्याओवळ्याचं नव्हतंच. ओहायोचा हा माणूस १९३९ साली सिनेटमध्ये आला तो अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील'ला, म्हणजे मंदीवर उपाय म्हणून सरकारी खर्च आणि नियंत्रण वाढवणाऱ्या कार्यक्रमाला, विरोध करत. केंद्र सरकारने कर किती घ्यावा, खर्च किती करावा, लोकांच्या धंद्यात नाक किती खुपसावं, हा त्यांचा विषय.

मग 'हुजूरपक्षीय' म्हणावं? ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबर पक्षांसाठी आपल्या वर्तमानपत्रांनी हुजूर आणि मजूर अशी झकास जोडी जुळवली. १९४७चा टाफ्ट-हार्टली कायदा पाहिला तर मोह होतोच. युनियनचा सभासद असेल त्यालाच कामावर घ्यायचं, ही कारखान्यांतली पद्धत त्या कायद्याने बंद केली. अध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तोही मोडून काढला. मजूर संघटनांनी टाफ्ट यांच्या नावाने शंख केला. पण 'हुजूर'मध्ये दरबार आहे, राजनिष्ठा आहे. टाफ्ट स्वतः एका राष्ट्राध्यक्षाचे चिरंजीव असले तरी अध्यक्षाच्या हाती जादा सत्ता त्यांना खपत नसे. काँग्रेसला न विचारता कोरियात सैन्य पाठवलं म्हणून त्यांनी ट्रुमनना धारेवर धरलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. मर्यादित सरकार, व्यक्तीचं स्वातंत्र्य, ही भाषा आपण रानडे-गोखल्यांच्या संदर्भात 'उदारमतवाद' म्हणून शिकलो. अमेरिकेत मात्र 'लिबरल' म्हणजे न्यू डीलवाले, टाफ्ट यांचे विरोधकच! त्यातही हा गृहस्थ ठोकळेबाज नव्हता. गरिबांसाठी सरकारी घरं बांधणाऱ्या १९४९च्या कायद्यामागे तो डेमोक्रॅट सहकाऱ्यांबरोबर उभा होता. त्याच वर्षी नाटो करारावर ८२ विरुद्ध १३ मतं पडली, त्या १३ जणांतही तो होता. आता लावा एकच मराठी विशेषण.

लोक त्यांना 'मिस्टर रिपब्लिकन' म्हणत. (मराठी कानाला रिपब्लिकन म्हटलं की आधी निळा झेंडा आठवतो, ते वेगळंच.) पक्षाची उमेदवारी मात्र तीनदा हुकली. १९५२ला शिकागोच्या अधिवेशनात आयझेनहॉवर यांनी त्यांना हरवलं. तरी सप्टेंबरात न्यूयॉर्कला दोघांची भेट झाली तेव्हा खर्च आणि कर कमी करण्याचं धोरण टाफ्ट यांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आणि मगच प्रचाराला उतरले. जुलै १९५३मध्ये ते वारले.

माझ्यापुरतं सांगतो. मी पहिल्या उल्लेखात 'सरकारी हस्तक्षेपाचे विरोधक' असं फोडून लिहीन, पुढे सरळ 'कॉन्झर्व्हेटिव्ह'. आणि पक्षांतर्गत ओढाताणीबद्दल लिहायचं तर 'टाफ्ट गट'. 'शिंदे गट', 'पवार गट' रोज वाचणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.