नाईन एच म्हणजे पेन्सिल हो, हिरा नव्हे

म्हापशाच्या सदस्याने विचारलंय की नवी गाडी पुढच्या आठवड्यात हातात येणार, शोरूमवाला ३२ हजारात नाईन एच सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चोळून लावायचा पारदर्शक थर, गळ्यात मारतोय, पाच वर्षं ओरखडा नाही, गंज नाही, धुवायची पण फारशी गरज नाही म्हणतो, तर घ्यावं का. शोरूममध्ये तरी नको. आता जरा लांबण लावतो, कारण मी यात स्वतः पैसे घालवून बसलोय.

आधी ते नाईन एच. आपण शाळेत खनिजांचा कठीणपणा मोजायचं मोहस् स्केल शिकलेलो, हिरा १०, म्हणून ९ ऐकलं की वाटतं हिऱ्याच्या शेजारचंच काहीतरी असणार. पण हा आकडा चित्रकलेच्या पेन्सिलींचा आहे, एचबी, टू एच, थ्री एच करत करत नाईन एच. पेन्सिल तिरकी धरून रंगावर दाबत सरकवायची आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघायचं, नाईन एचनेही नाही पडला की झालं, लिहा नाईन एच. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ, तो खऱ्या मोहस् वर ७ आहे. मिरामारच्या किनाऱ्यावरून येऊन तसंच कोरड्या फडक्याने बॉनेट पुसलंत तर तो कण तुमचं सर्टिफिकेट वाचत बसणार नाही.

दुसरं जाडी. कंपनीतून येणारा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा किंवा थोडा जास्त. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ४० च्या आसपास. सिरॅमिक कोटिंग त्यावर एखाद-दोन मायक्रॉन. एवढ्याशा थराने शॉपिंग ट्रॉलीचा धक्का किंवा घाटात पुढच्या ट्रकने उडवलेला खडा झेलायचा? वर कोटिंगच्या आधी 'करेक्शन' म्हणून मशीनने पॉलिश मारतात, ते क्लिअर कोट खरवडूनच होतं. नव्या गाडीला ते बहुतेक वेळा नकोच असतं, आणि तुम्ही ज्या चकाकीवर खूश होता ती बरीचशी त्या पॉलिशची.

माझा किस्सा सांगतो. फोंड्याला आमच्या अंगणात चिकूचं झाड, त्याच्यावर रात्री वटवाघळं. कोटिंग करून चार महिने झाले असतील, एप्रिलमध्ये दोन दिवस गावाला गेलो आणि परत येऊन बघतो तर छतावर वटवाघळांची घाण वाळून कडक झालेली. भिजवून, ओल्या फडक्याने अलगद काढली तरी खाली डाग राहिला, बोट फिरवलं तर खड्डा लागत होता. वॉरंटी कार्ड घेऊन गेलो तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, पाण्याचे डाग, ओरखडे, सगळं वगळलेलं. वर दर सहा महिन्यांनी पैसे भरून त्यांच्याकडेच मेंटेनन्स, एक चुकला की वॉरंटी गेली. मग उरलं काय, हे मी विचारलं, तर पोरगा म्हणाला शाइन. असो.

पाण्याचे मोती दाखवतात त्याला भुलू नका. अळवावरचं पाणी तसंच घरंगळतं, म्हणून अळू काय चिलखत आहे का? साधं वॅक्स लावलं तरी पहिले काही आठवडे तेच दिसतं. उलट बोअरवेलच्या जड पाण्याने धुऊन उन्हात सोडलीत तर ते मोती जिथल्या तिथे वाळून पांढरे गोल डाग पडतात. टेफ्लॉन कोटिंगचं पण तसंच, टेफ्लॉन ३२७ अंशाला वितळतं, तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात, तुमच्या बॉनेटवर फडक्याने कसं बसवणार?

आता गंज, जो आपल्या गोव्यातला खरा शत्रू. खारी हवा आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण गंज वरून चकाकणाऱ्या पत्र्याला सहसा लागतच नाही हो, तो लागतो दाराच्या आत तळाशी, पाणी जायची भोकं चिखलाने बुजली की, नाहीतर मडगार्डच्या आत, जोडावर. तिथे कोण सिरॅमिक लावतो? आणि पत्र्यात वीज सोडून गंज थांबवते म्हणून विकतात ती इलेक्ट्रॉनिक रस्ट पेटी, हजारो रुपयांची, ती तर विसराच. बोटींवर चालतं तेच तत्त्व, असं सांगतात. मांडवी नदीतल्या मालवाहू बार्जच्या तळाला जस्ताच्या लाद्या ठोकलेल्या असतात, आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं, पण ते चालतं कारण दोघेही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असतात. तुमची गाडी हवेत उभी आहे, तिथे ते सर्किट पुरं कसं होणार?

खडे खरंच अडवायचे असतील तर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती १५०-२०० मायक्रॉनची जाड फिल्म असते. सगळ्या गाडीला महाग पडते, पुढचा बंपर आणि बॉनेट पुरे. त्यातही 'आपोआप भरतं' म्हणतात ते उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उबेने, बारीक रेघांपुरतं, किल्लीने फाटली तर फाटली.

कोटिंग वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, धुणं सोपं होतं, सांगे-सावर्डेकडची तांबडी धूळ पटकन सुटते. हौस असेल तर नंतर बाहेर चांगल्या माणसाकडून करा, पण ओरखड्यासाठी नको आणि गंजासाठी तर नकोच. डिलिव्हरीला मात्र बजावून सांगा की गाडीला फडकं लावू नका, तशीच धुळीची द्या. बरं, गाडी लावता कुठे ते लिहिलं नाहीत, शेड आहे की माडाखाली? माडाखाली असेल तर आधी नारळ काढणाऱ्या पाडेल्याला बोलवा.