सर्व्हेला फाटे फोडण्याआधी

उत्तर बघून पुढचा प्रश्न बदलणाऱ्या सर्व्हेबद्दल तुमच्या शंका पाठवा असं गेल्या वेळी म्हटलं होतं, त्यातल्या सगळ्यांच्या कामाच्या निवडून घेतल्यात. थोडी काटछाट केलीये, प्रश्न तुमचेच आहेत.

प्रश्न: ताई, माझा पीएचडीचा सर्व्हे आहे, लोक कुठल्या ऑनलाइन सेवा वापरतात यावर. आठ सेवा आहेत, प्रत्येकीला 'वापरता का?' विचारायचं, 'हो' आलं तर तिच्यावर पाच प्रश्न, मग पुढची सेवा. आधी थोड्या लोकांवर चाचणी म्हणून पायलट केला तर पहिल्या दोन-तीन सेवांना भरपूर 'हो' आणि शेवटच्यांना जवळजवळ सगळे 'नाही'. शेवटच्या सेवा खरंच कोणी वापरत नाही असं धरू का?

उत्तर: अजिबात धरू नका, आणि पायलट केलात ते फार बरं झालं. तुमच्या लोकांना फॉर्म पाठ झालाय. पहिल्या सेवेला 'हो' म्हटलं की पाच प्रश्न अंगावर येतात हे एकदा कळलं, दुसऱ्यांदा पक्कं झालं, मग तिसऱ्या-चौथ्यापासून माणूस वापरत असला तरी 'नाही' म्हणून मोकळा होतो. तो खोटारडा नसतो, थकलेला असतो. आणि हे फक्त उत्तर देणाऱ्याचंच होतं असं नाही, प्रश्न विचारायला पाठवलेली मुलंसुद्धा हे शिकतात, दिवसभरात बरेच फॉर्म भरायचे असले की 'वापरत नसाल ना?' असा सूर आपोआप लागतो.

यावर चांगला अभ्यास झालेला आहे. सर्व्हे-पद्धतींचे अभ्यासक फ्राउके क्रॉयटर, रॉजर टूरँजो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दोन पद्धतींची तुलना छापली, एकात फिल्टर प्रश्न (म्हणजे तुमच्या 'वापरता का?'सारखा, पुढचे प्रश्न विचारायचे की नाही ते ठरवणारा) आणि लगेच त्याचे उपप्रश्न, दुसऱ्यात आधी सगळे फिल्टर एका दमात आणि उपप्रश्न नंतर. सगळे फिल्टर आधी एका दमात विचारले तेव्हा 'हो' जास्त आले. म्हणून तुम्हीही आठही सेवा आधी एकापाठोपाठ विचारा, प्रत्येकीला वेगळं हो/नाही ठेवा, सेवांचा क्रम प्रत्येक माणसाला बदलून येऊ दे, आणि मगच उपप्रश्नांकडे वळा.

आता आठही सेवा वापरणाऱ्या माणसाचं काय, त्याला चाळीस उपप्रश्न येणार आणि तो अर्ध्यात सोडून जाणार. त्याच्या 'हो'मधून कुठल्याही दोन सेवा फॉर्मलाच रँडम निवडू द्या आणि फक्त त्यांच्यावर विचारा. मात्र कुठल्या निवडल्या ते डेटात साठवा, कारण आठ वापरणाऱ्याची एखादी सेवा निवडली जायची शक्यता एक चतुर्थांश आहे आणि दोनच वापरणाऱ्याची पूर्ण एक, त्यामुळे हिशोब करताना पहिल्याच्या उत्तराला चारपट वजन द्यावं लागतं. ओडीके किंवा कोबो या फॉर्म बनवायच्या टूलमधे हे करत असाल तर रँडम आकडा 'वन्स' फंक्शनमधे गुंडाळा, नाहीतर फॉर्म पुन्हा हिशोब करतो आणि भरता भरता निवडच बदलते.

प्रश्न: मॅडम, गूगल फॉर्म्समधे 'हो' म्हणणारे लोक त्यांचा सेक्शन संपला की 'नाही'वाल्यांच्या सेक्शनमधेही जातायत. आणि चेकबॉक्सला तो सेक्शनवर पाठवायचा ऑप्शनच दिसत नाहीये.

उत्तर: प्रत्येक सेक्शनच्या तळाशी 'या सेक्शननंतर कुठे' अशी सेटिंग असते, ती न बदलता ठेवली की माणूस सरळ पुढच्या सेक्शनमधे जातो. 'हो'च्या सेक्शनखाली जिथे दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात तो सेक्शन निवडा. चेकबॉक्सला ती सोय नाहीच, फक्त एकच पर्याय निवडायच्या प्रश्नाला आणि ड्रॉपडाउनला आहे. अनेक पर्यायांवरून वाट बदलायची असेल तर प्रत्येक पर्यायाचा हो/नाही प्रश्न करा, किंवा कोबो, लाइमसर्व्हे असं काहीतरी घ्या जिथे अट तुम्ही स्वतः लिहू शकता.

प्रश्न: ताई, आमची छोटी संस्था आहे, तरुण मुलांच्या मानसिक आरोग्याचा सर्व्हे करतोय. पीएचक्यू या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न सगळ्यांना विचारणं जड वाटतं, म्हणून आधी पहिले दोन विचारायचे आणि गुण जास्त आले तरच बाकीचे, असं ठरवलंय. बरोबर आहे ना?

उत्तर: पद्धत मान्यताप्राप्त आहे. पीएचक्यू-२ म्हणजे पीएचक्यू-९ चेच पहिले दोन प्रश्न, गुण ० ते ६, आणि सहसा ३ किंवा जास्त आले की पुढचे विचारतात. पण तुम्ही कोणाला विचारणार आहात याचा विचार केलाय, कोणाला विचारणार नाही याचा केलाय का? नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल आहे. ज्या मुलाचे पहिल्या दोनात २ गुण आले त्याला तो प्रश्न कधीच दिसणार नाही, आणि त्याच्या मनात तसे विचार असले तर तुमच्या डेटात त्याचा मागमूस राहणार नाही.

मी सर्व्हे बघते तेव्हा सगळ्यात आधी फिल्टर प्रश्न बघते ते याचसाठी. लोक उपप्रश्नांच्या शब्दांवर आठवडे घालवतात आणि फिल्टर पाच मिनिटांत लिहून टाकतात, पण उपप्रश्न चुकला तर एक कॉलम बिघडतो, फिल्टर चुकला तर माणसंच्या माणसं गळतात आणि ती गळली हे नंतर कळायला काही मार्गही राहत नाही. किती मुलांना त्रास आहे याचा फक्त अंदाज हवा असेल तर दोन प्रश्नांचा फिल्टर चालेल. पण कोणाला मदत हवीये ते शोधायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, नऊच्या नऊ सगळ्यांना विचारा, दोन-तीन मिनिटांचंच काम आहे. आणि नवव्या प्रश्नाला 'हो'च्या बाजूचं उत्तर आलं तर ते त्याच दिवशी कोण बघणार, मुलाशी कोण बोलणार, हे सर्व्हे सुरू व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे. मदतीचे नंबर मात्र शेवटच्या पानावर सगळ्यांना दाखवा, त्याला कुठलीही अट नको.

प्रश्न: सर्व्हे संपला, एक्सेलमधे बघतोय तर रिकाम्या खणांचा पाऊस. गाइड म्हणतात रिकाम्या ओळी काढून टाक. काढू का?

उत्तर: थांबा. फाटे असलेल्या सर्व्हेत रिकामा खण तीन कारणांनी येतो: प्रश्न त्या माणसाला लागूच नव्हता म्हणून विचारला नाही, विचारला पण त्याने उत्तर दिलं नाही, किंवा तिथे पोचायच्या आधीच तो फॉर्म सोडून गेला. तिन्ही दिसायला सारखे, अर्थ पार वेगळे. ओळी काढल्यात तर फिल्टरला 'नाही' म्हणणारे सगळे जातील आणि उरलेल्या डेटात जगात सगळेच 'हो'वाले दिसतील.

तिघांना वेगवेगळे कोड द्या, आणि कोड असे निवडा की खरं उत्तर म्हणून कधीच येऊ शकणार नाहीत. वयाच्या प्रश्नात ९९ हा कोड ठेवला की एखाद्या आजींचं वयच नाहीसं होतं, म्हणून बरेच जण ऋण आकडे वापरतात. टक्केवारी काढताना छेद काय आहे ते प्रत्येक तक्त्याखाली लिहा. समजा ४०० लोकांपैकी १२० जण सेवा वापरतात आणि त्यातले ९० समाधानी आहेत, तर वापरणाऱ्यांपैकी ७५ टक्के समाधानी, आणि सगळ्यांपैकी साडेबावीस टक्के. दोन्ही बरोबर, पण नुसतं '७५ टक्के लोक समाधानी' लिहिलंत तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

अजून एक बघा, कोणी आधी 'हो' म्हणून उपप्रश्न भरले आणि मग मागे जाऊन 'नाही' केलं तर ती जुनी उत्तरं राहतात का पुसली जातात हे टूलवर अवलंबून असतं. आपल्या फॉर्मवर स्वतः करून बघा. मोजायची सोपी रीत म्हणजे फिल्टरला 'हो' म्हणणाऱ्यांचा आकडा आणि उपप्रश्नाला उत्तर देणारे, नकार देणारे आणि मधेच सोडून गेलेले यांची बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर विश्लेषण पुढे नेऊ नका.

प्रश्न: परीक्षांमधे कॉम्प्युटर उत्तर बघून सोपा किंवा अवघड प्रश्न देतो, तसं आमच्या ६० प्रश्नांच्या प्रश्नावलीला करता येईल का? विद्यार्थी कंटाळतात.

उत्तर: करता येतं, पण ही वेगळी जातकुळी आहे. आतापर्यंत बोललो त्यात अटी आपण हाताने लिहितो. तुम्ही म्हणताय त्यात प्रत्येक उत्तरानंतर कॉम्प्युटर माणसाच्या पातळीचा नव्याने अंदाज बांधतो, त्या पातळीवर सगळ्यात जास्त माहिती देईल असा प्रश्न साठ्यातून उचलतो, आणि अंदाजातली चूक पुरेशी कमी झाली की थांबतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने २००४ मध्ये सुरू केलेल्या प्रॉमिस प्रकल्पात वेदना, थकवा, झोप असल्या गोष्टी अशाच मोजतात, साधारण चार ते बारा प्रश्नांत काम होतं.

पण त्यासाठी साठ्यातला प्रत्येक प्रश्न किती अवघड आणि किती भेद दाखवणारा आहे हे आधी शेकडो लोकांकडून सगळे प्रश्न भरून घेऊन ठरवावं लागतं, आणि सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजणारे लागतात. तुमच्या ६० प्रश्नांत अभ्यासाच्या सवयी, घरची परिस्थिती, आवडीनिवडी सगळं मिसळलेलं असेल तर हे लागू पडत नाही. त्यापेक्षा ज्या प्रश्नांचं उत्तर तुम्ही कुठेच वापरणार नाही ते काढा, बहुतेक वेळा त्यानेच फॉर्म बराच आटोक्यात येतो.

प्रश्न: दहा फिल्टर आहेत. टेस्टिंग किती करायचं?

उत्तर: दहाही एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर १०२४ वाटा होतात, सगळ्या हाताने तपासणं शक्य नाही. आधी कागदावर नकाशा काढा, प्रत्येक प्रश्नासमोर 'हा कोणाला विचारायचा' एवढं साध्या मराठीत लिहा आणि मगच अट टाइप करा. मग काही काल्पनिक माणसं तयार करा: सगळ्याला 'हो' म्हणणारा, सगळ्याला 'नाही' म्हणणारा, जमेल तिथे 'माहीत नाही' निवडणारा, मागे जाऊन उत्तर बदलणारी, मधेच सोडून जाणारी. यातला 'माहीत नाही'वाला सगळ्यात जास्त चुका पकडून देतो, कारण त्याला कुठे पाठवायचं हे अट लिहिताना कोणाच्या डोक्यातच आलेलं नसतं.