हक्कसोडपत्रावर सही करू का?

प्रश्न : माझे वय ५१ वर्षे आहे. बालपण बार्शीत गेले. गावाबाहेर पणजोबांपासून चालत आलेली साडेसहा एकर जिरायत जमीन आणि गावात वडिलांनी दुकानाच्या कमाईतून बांधलेले चार खोल्यांचे घर, एवढी आमची मालमत्ता. आजोबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून तलाठ्याकडून आणलेला सातबाऱ्याचा उतारा मीच त्यांना वाचून दाखवत असे. जुन्या नोंदींतला ‘बिन’ म्हणजे मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे बायको, हे मी दहाव्या वर्षी त्यांच्या शेजारी ओसरीवर बसून शिकले. बार्शी लाईटची, म्हणजे गावाजवळून जाणाऱ्या छोट्या रेल्वेची, शिट्टी झाली की माझा आवाज त्यांना ऐकू येत नसे, गाडी गेली की ते म्हणत, “आता पुन्हा वाच.”

मे १९९३ मध्ये, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन महिना झाला नाही तोच माझे लग्न झाले. एकोणीस वर्षे संसार केला. मार खाल्ला आणि माहेरी कळू दिले नाही, एवढेच त्याविषयी लिहिते. २०१२ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. अकरा वर्षांची मुलगी माझ्याकडे राहावी, एवढीच माझी अट होती. ती मान्य झाली म्हटल्यावर पुढे आलेल्या कागदांवर मी न वाचता सह्या केल्या. त्यांत पोटगीचा आणि माझ्या दागिन्यांचा हक्कही मी सोडला होता, हे नंतर कळले. चार महिने माहेरी राहून मुलीला घेऊन पुण्यात आले आणि तीन डब्यांपासून सुरुवात केली. आज माझे भाड्याच्या गाळ्यात पोळी-भाजी केंद्र आहे, शेंगाचटणी आणि कडक भाकरीला मागणी आहे, हाताखाली दोघीजणी काम करतात. पहिली दोन वर्षे मुलीच्या शाळेची फी माझ्या धाकट्या भावाने भरली, हे मी कधीही विसरणार नाही.

वडील २००३ मध्ये गेले. आजी-आजोबा त्यांच्या आधीच गेले होते. मृत्युपत्र नव्हते, वाटणीही झालेली नाही. आता एक विकसक जमीन घ्यायला तयार आहे. यंदा भाऊबीजेला दोघे भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आले. “तुझे लग्न १९९४च्या आधीचे, वडील २००५च्या आधी गेले, त्यामुळे कायद्याने तुला काही मिळत नाही, सही हा केवळ उपचार आहे,” असे थोरल्याचे म्हणणे. सहीनंतर दोन लाख रुपये रोख देणार आहेत. आई ७४ वर्षांची आहे. ती म्हणते, “देऊन टाक सही, माझ्या डोळ्यांदेखत कोर्टकचेरी नको.” मुलगी म्हणते, सही करू नकोस. हिस्सा मागितला तर मी लोभी ठरेन का? माहेर तुटेल का?
– एक भगिनी, पुणे

उत्तर : ताई, या मसुद्यावर सही करू नका. पुढे सर्व समजून-उमजून तुम्ही काही सोडायचे ठरवलेत, तर तो तुमचा अधिकार आहे आणि तेव्हा मी तुम्हाला अडवणार नाही. पण आज तुमच्यापुढे जो कागद ठेवला आहे, तो चुकीची माहिती देऊन ठेवलेला आहे.

तुमच्या भावांनी सांगितलेली दोन्ही वर्षे खरी आहेत, त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २२ जून १९९४ पासून, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांप्रमाणे जन्मतः हक्क दिला. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे तुम्ही तेरा महिन्यांनी हुकलात. हेच वाक्य आपल्याकडे इतकी वर्षे घरोघरी सांगितले गेले की पुढे काय झाले ते अनेक बहिणींपर्यंत पोहोचलेच नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातील केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिने विवाहित-अविवाहित असा भेद ठेवला नाही. त्यानंतरही ‘त्या दिवशी वडील हयात हवे होते’ असा अर्थ काही निकालांतून निघत राहिला. तो वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला : मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झाली असेल किंवा जमीन विकली गेली असेल, तर ती मात्र उकरता येत नाही. तुमच्या घरी असे काही झालेले नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ असे उद्या कोणी म्हणाले, तरी भक्कम सरकारी कागदपत्रांचा आधार असल्याखेरीज न्यायालय ते सहसा मान्य करत नाही.

आता हिशेब. घर वडिलांच्या स्वकष्टार्जित कमाईचे आणि मृत्युपत्र नाही, म्हणून आई, दोन भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. जमिनीचे गणित थोडे लांबचे आहे. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी वाटणी झाली असे धरले, तर आई-वडील आणि तीन मुले असे पाच हिस्से होतात, आणि मग वडिलांचा पाचवा हिस्सा उरलेल्या चौघांत सारखा विभागला जातो. सरतेशेवटी तिथेही प्रत्येकाला चौथाच हिस्सा येतो. साडेसहा एकर म्हणजे २६० गुंठे, त्यांतले तुमचे ६५, म्हणजेच एक एकर पंचवीस गुंठे. राहत्या घरात मुलीला वाटणी मागता येत नाही हे कलमही २००५ मध्येच रद्द झाले आहे. लग्न मोडून आलेल्या बाईला पूर्वीच्या कायद्याने त्या घरात फक्त राहू दिले होते. आज ती त्या घराची हिस्सेदार आहे. माहेरी काढलेल्या त्या चार महिन्यांत आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत असे तुम्हाला वाटले असेल, तर ते वाटणे कायद्याला धरून नव्हते, हे मला मुद्दाम लिहावेसे वाटते.

सही ‘केवळ उपचार’ असती, तर मसुदा घेऊन पुण्यापर्यंत येण्याचे कारण नव्हते. जमीन घेणारा आधी मालकीहक्काचा जुना इतिहास वकिलाकडून तपासून घेतो, आणि त्या तपासात वारसांतली बहीण आली की तिची सही आल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. मसुदा ‘विनामोबदला’ आहे का, तेही पाहा. तसे असेल आणि वरून रोख दोन लाख मिळणार असतील, तर कागदावर एक आणि हातात दुसरे असा प्रकार होईल आणि त्याचा त्रास उद्या तुम्हालाच होईल. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागाहून रद्द करून घेण्यासाठी फसवणूक किंवा दबाव न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. २०१२ च्या कागदांनी तुमचे दागिने गेले; तो अनुभव एकदा पुरे.

सर्वांत आधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरील सर्व जमिनींचा उतारा) आणि वडिलांच्या पश्चात झालेल्या वारस नोंदीचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, काढा. चालू उतारा ऑनलाइन मिळतो, जुना फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेखातून मागावा लागेल. तुमचे नाव कब्जेदारांच्या, म्हणजे जमीनधारकांच्या, रकान्यात आहे, की ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकले आहे, की थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, लिहून बाकीच्यांना वगळले आहे, हे तुम्हीच वाचून पाहा. आपल्या राज्यात कितीतरी बहिणींची नावे वर्षानुवर्षे त्या ‘इतर हक्क’ रकान्यात पडून आहेत. नाव सापडले नाही तर घाबरू नका, कारण फेरफाराच्या नोंदीने मालकी जन्मत नाही आणि जातही नाही. पण ती नोंद दुरुस्त करून घेण्याचा अर्ज लगेच द्या. घटस्फोटानंतर तुम्ही माहेरचे नाव लावत असाल, तर आधार, राजपत्रातील नावबदल आणि घटस्फोटाचा हुकूमनामा यांच्या प्रती सोबत ठेवा, नाहीतर ही व्यक्ती तीच कशावरून, यातच सहा महिने जातील.

आईंना कोर्टकचेरी नको आहे, आणि ती तुम्हालाही नको असावी. वाटणी म्हणजे भांडण नव्हे. जमीन विकायचीच असेल, तर सर्वांत सरळ मार्ग असा की विक्रीच्या दस्तावर चौघांनीही सहहिस्सेदार म्हणून सह्या कराव्यात आणि प्रत्येकाची रक्कम खरेदीदाराकडून थेट ज्याच्या-त्याच्या बँक खात्यात यावी. विकायची नसेल, तर संमतीने वाटपपत्र करून नोंदवता येते. बोलणी अडली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो, आणि दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती आईंची. त्यांच्यापुढेही असाच एक कागद ठेवला जाणार, किंवा कदाचित ठेवलाही गेला असेल. त्यांचा जमिनीतला आणि घरातला चौथा हिस्सा हा त्यांच्या म्हातारपणाचा आधार आहे, आणि तो त्यांनी हयातीत कोणाच्याही, अगदी तुमच्याही, नावे करू नये. हवे तर मृत्युपत्र करावे, जे त्यांना केव्हाही बदलता येईल. ज्या पिढीने आयुष्यभर ‘कोम’ लावून स्वतःची ओळख सांगितली, तिला स्वतःच्या हिश्श्याची भाषा परकी वाटते. म्हणून ‘देऊन टाक’ म्हणणाऱ्या आईवर रागावू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. धाकट्या भावाने दोन वर्षे फी भरली, ते ऋण मोठे आहे आणि तुम्ही ते ऋण म्हणता यात तुमचा मोठेपणा आहे. पण ते त्याने भाचीवरच्या मायेने केले, पासष्ट गुंठ्यांच्या बयाण्यापोटी नव्हे. तसे मानणे हा त्याच्याच चांगुलपणाचा अपमान ठरेल. परतफेड करायची असेल तर करा, मोजून आणि सांगून करा. माझे मत विचाराल तर जमिनीतला पूर्ण हिस्सा घ्या, त्यातून स्वतःच्या मालकीचा गाळा घ्या, आणि भाऊ ज्यात राहतात त्या घराचा हिस्सा सोडायचा की नाही, हे वर्षभराने, कोणी मसुदा पुढे केलेला नसताना ठरवा. लोभी म्हणणारे म्हणतील. तेरा वर्षे पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या बाईला तो शब्द लागू पडत नाही, आणि साडी-चोळीवर बोळवण होण्याला ज्यांनी माया म्हटले, त्यांचे ऐकून घेऊन गप्प राहणे तुम्हाला आता जमले पाहिजे.

माहेर तुटेल का, याची हमी मी देऊ शकत नाही. थोरला भाऊ वर्षभर बोलणार नाही, असे धरून चाला. धाकट्याला मात्र वकिलाची नोटीस जाण्यापूर्वी एकट्याला भेटा, २०२० चा निकाल त्याला स्वतः सांगा आणि त्याला विचार करायला वेळ द्या. अनेक भावांना हे खरोखरच माहीत नसते. आणि संक्रांतीला बार्शीला जाल तेव्हा उताऱ्याची प्रत बरोबर न्या. आईंना शेजारी बसवून, घाई न करता, एकेक नाव वाचून दाखवा. त्यांचे स्वतःचे नाव कोणत्या रकान्यात आहे, ते त्यांच्या बोटाने त्यांनाच दाखवू द्या.