बेअरिंग तीनदा बदललं, चाक तरी डगडगतंच

प्रश्न: नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी माझ्या चार एटीव्ही (वाळूत चालणाऱ्या, जाड टायरच्या चारचाकी गाड्या) चालतात, चेनवाल्या. एकीचं मागचं डावं चाक डगडगतं. दिवाळीपासून तीनदा बेअरिंग बदललं, महिनाभरात पुन्हा तेच. शेवटच्या खेपेला मेकॅनिकने ॲक्सलवर (चाकांच्या दांड्यावर) पंच मारून, म्हणजे टोकदार हत्याराने ठिपके ठोकून, बेअरिंग टाइट बसवून दिलं. चेनही मधूनच उतरते. आता अख्खा ॲक्सलच बदलू का?
— एक वाचक, नागाव

उत्तर: पंच मारल्याचं लिहिलंत ते बरं केलंत, अर्धं निदान तिथेच झालं. बेअरिंग ॲक्सलवर मुळातच घट्ट बसायला हवं. त्यासाठी पंच मारायची वेळ आली, म्हणजे तिथली बैठक, ॲक्सलवरची बेअरिंग बसायची जागा, झिजून बारीक झालीय. पंचाने उठलेले टोचे चार दिवस धरतात, मग चपटे होतात आणि ॲक्सल बेअरिंगच्या आतल्या कड्यात नुसता फिरत राहतो. उमेदवारीत मीही असले पंच मारलेत, आणि तीच गिऱ्हाइकं परत आलेली पाहिलीत.

तरी पैसे घालण्याआधी अर्धा तास काढा. गाडी मागून उचलून फ्रेमखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा, दुसऱ्याला टॉर्च घेऊन आत बघू द्या. चाक हलतंय पण ॲक्सल स्थिर आहे, तर हबचे (चाक ॲक्सलला जोडणाऱ्या भागाचे) दाते गेलेत. नटाभोवती तांबूस भुकटी दिसली की खात्रीच समजा. चाकाबरोबर ॲक्सलही हाऊसिंगमध्ये (बेअरिंगं बसतात त्या खोक्यात) हलतोय, तर बेअरिंग, बैठक किंवा हाऊसिंगचं भोक झिजलंय. मग चाक हाताने फिरवा आणि ॲक्सलशेजारी तारेचं टोक धरा. मधली फट कमी-जास्त होत असेल तर ॲक्सल वाकलाय. चेन उतरते तीही यातूनच, कारण ॲक्सल डगडगला की स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, सरळ रेषेत राहत नाही.

ॲक्सल ठोकून काढताना टोकाला नट परत चढवा आणि प्लास्टिकचा हातोडा वापरा, नाहीतर आटे चेपतात आणि नवंच काम निघतं. बाहेर आल्यावर बैठकीवरून नख फिरवा. कडा लागली तर बैठक झिजलीच. नाही लागली तर लेथवाल्याकडून मायक्रोमीटरने मोजून घ्या. बेअरिंगचा नंबर ६००६ असेल तर आतलं भोक ३० मिमीचं असतं, बाहेरचा व्यास ५५. बैठक ३० मिमीहून बारीक भरली की ॲक्सल बदलायचा. वेल्डिंगने भर घालून तासून देणारे भेटतील, स्वस्तातही देतील. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद बिघडतं आणि ॲक्सल पुढे नेमका तिथेच तुटतो. वर पर्यटकाचं पोर बसलेलं असतं. तो धंदा नको. हाऊसिंगचं भोक मोठं झालं असेल तर मात्र बुश (आतून बसवायचं धातूचं कडं) घालून घेता येतं.

जुळवताना दोन बेअरिंगांमधली नळी, म्हणजे स्पेसर, आहे ना ते आधी बघा. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका गाडीत ती नव्हतीच, आधीचा कुणीतरी बाकावर विसरला होता. ती नसली तर नट आवळला की बेअरिंगांची आतली कडी एकमेकांकडे दाबली जातात आणि कोरं बेअरिंगही रडायला लागतं. तुमचंही तसंच झालेलं असू शकतं. बेअरिंगं जोडीनेच बदला, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलीच घ्या, हाऊसिंगची सीलंही नवी घाला. हाऊसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाबायचं. हबच्या दात्यांना पाण्यात टिकणारं ग्रीस लावा. नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन दर वेळी नवी.

राहिलं मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि लाटेतून गाडी काढायचा मोह कुठल्याच पर्यटकाला आवरत नाही. संध्याकाळी गोड्या पाण्याने साध्या पाइपने धुवा. प्रेशरचा फवारा सीलवर मारलात तर खारट चिखल आतच ढकलाल. बाकीच्या तीन गाड्यांची चाकंही याच आठवड्यात हलवून बघा, पाणी त्यांनीही तेच प्यायलंय.